न मागितलेले दोन फूट

१

सोमवारी सकाळी संघप्रिया गमरे खुर्चीत टेकते न टेकते तोच नामदेव घरत आत आले आणि त्यांनी गुंडाळी केलेला नकाशा तिच्या टेबलावर असा आपटला, की शेजारचा कारकून अभय सोनकांबळे चहाचा कप हातात धरून उठूनच उभा राहिला.

खाडीकाठ नियोजन मंडळाच्या द्रोणागिरीतल्या या कार्यालयात माणसं रागावून येणं नवीन नव्हतं. संघप्रिया तिथे सहाय्यक नियोजनकार होती. घर बांधताना भूखंडाच्या चारी बाजूंना किती जागा मोकळी सोडायची याचे नियम असतात, आणि कुणाची अडचण खरी असेल तर त्या जागेत फूट-दोन फुटांची सूट द्यायचा अधिकार तिच्याकडे होता. त्यामुळे सतरा वर्षं तिच्यासमोर जो तो एकच रडगाणं घेऊन येत आला होता: सवलत मागितली, पण मिळाली नाही.

नामदेवशेठचं रडगाणं नेमकं उलटं होतं. त्यांना सवलत मिळाली होती आणि त्यांनी ती मागितलीच नव्हती.

सहासष्ट वर्षांचा हा माणूस एके काळी भातशेती करायचा. जमीन प्रकल्पात गेली, तिच्या बदल्यात खूप वर्षांनी गावाला लागूनच एक भूखंड मिळाला, आणि त्यावर आता तळमजला अधिक तीन मजल्यांचं घर उभं राहत होतं. गुढीपाडव्याला मुहूर्त झाला, जोता भरून झाला. गेल्या शुक्रवारी मंडळाचा इंजिनिअर जोता तपासायला गेला आणि म्हणाला की जोता चुकीच्या जागी आहे. मंजूर नकाशात घर दोन फूट पूर्वेला सरकवलेलं आहे. तसं सरकवायची सवलत तुम्हीच अर्ज करून घेतलीय, तेव्हा हा जोता फोडा आणि नव्यानं भरा.

"मी कवा मागितली सवलत?" नामदेवशेठ म्हणाले. "माझं घर मधोमध. दोनी बाजूंना सारखी जागा. मना सवलत नकोच व्हती. ह्या अर्जावरची सही माझी नाय."

तसं त्यांनी लेखी लिहून आणलं होतं. तक्रारीची एक प्रत मुख्य कार्यालयात देऊनही झाली होती. ज्यानं ही लबाडी केली त्याला जेलात घालणार, मग तो माझ्या घरातला निघाला तरी सोडणार नाही, असं त्यांनी साऱ्या कार्यालयाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं. आणि जिनं डोळे मिटून मंजुरी दिली तिलाही.

संघप्रियानं नकाशा उलगडला. मंजुरीच्या शिक्क्याखाली सही तिची होती.

२

वरिष्ठ नियोजनकार बाबासो खोत निवृत्तीला सात महिने उरलेले गृहस्थ होते आणि त्या सात महिन्यांत काहीही घडू नये एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनी तिला शुक्रवारपर्यंतची मुदत दिली. तोवर खुलासा आला नाही तर निलंबनाचा प्रस्ताव पाठवण्यावाचून गत्यंतर नाही, हे त्यांनी इतक्या दुःखी चेहऱ्यानं सांगितलं की निलंबन त्यांचंच होणार आहे असं वाटावं.

संघप्रिया परत येऊन फाईल घेऊन बसली. वैताग वैताग झाला होता. लोक सवलतीसाठी काय काय खोटं बोलतात ते तिनं पाहिलं होतं. मेलेली आजी दाखवतात, नसलेला नाला दाखवतात. पण दुसऱ्याला सवलत मिळावी म्हणून खोटं बोलणारा माणूस आजवर भेटला नव्हता. बरं, फायदा कुणाचा? घर तेवढंच राहिलं होतं. एक खोली वाढली नव्हती, एक खिडकी वाढली नव्हती. आधी पूर्वेला आणि पश्चिमेला सव्वादोन-सव्वादोन मीटर जागा होती. आता पूर्वेला साठ सेंटिमीटर कमी आणि पश्चिमेला साठ सेंटिमीटर जास्त. बस्स.

फाईल वरवर पाहता स्वच्छ होती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला अर्ज, वास्तुविशारदाचा सुधारित नकाशा, अभयची टिपणी, आणि जानेवारीच्या अखेरीस तिचा आदेश. टिपणीत एक ओळ होती: 'स्थळपाहणी केली.' ती ओळ अभयच्या संगणकातल्या साच्यात कायमच असायची. संघप्रियाला आठवलं. महिनाअखेर होती, एकतीस फायली होत्या, आणि ती जागेवर गेली नव्हती.

अभय लातूरकडचा, सरळ माणूस. तो घाम पुसत म्हणाला की मॅडम, कागद पूर्ण होते म्हणून मी फाईल पुढे केली. तिचा त्याच्यावर विश्वास होता, आणि विश्वास बाजूला ठेवला तरी या सवलतीचं अभय करणार काय होता?

उरला अर्ज. कोऱ्या कागदावर निळ्या शाईत, वळणदार अक्षरात लिहिलेला. भूखंडाचा आकार अडचणीचा असल्यानं इमारत पूर्वेकडे सरकवण्याची परवानगी मिळावी, असा मजकूर. भाषा कचेरीतली, पक्की. खाली 'ना. बा. घरत' अशी सही. आणि शेवटच्या ओळीत, 'तरी सवलत द्यावी ही नम्र विणंती.'

संघप्रिया त्या शब्दावर थांबली. विनंती नव्हे, विणंती.

तिला तिची शाळा आठवली. मंडणगडकडच्या तिच्या घरी सगळे पानी म्हणत, कोन म्हणत, आणि ती तसंच लिही. पाचवीत गुरुजींनी वर्गासमोर उभं करून पन्नास वेळा 'ण' लिहायला लावला. त्यानंतर वर्षभर तिनं जिथे तिथे ण घातला, नको तिथेही. ज्याच्या तोंडात ण नसतो आणि ज्याला त्यावरून हिणवलेलं असतं, तोच असा ण पेरत जातो. द्रोणागिरी-उरणच्या जुन्या गावांतही ण नव्हता.

म्हणजे हा अर्ज कचेरीतल्या कुणाचा नव्हता. गावातल्याच कुणाचा तरी होता.

३

वास्तुविशारद सौरभ देवस्थळी याचं ऑफिस वाशीत होतं. मंगळवारी दुपारी त्यानं तिला पाऊण तास थांबवून ठेवलं आणि मग घड्याळाकडे बघत बोलायला सुरुवात केली. संघप्रियानंही आपलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

त्याचं म्हणणं सरळ होतं. अर्जाचा फोटो नामदेवशेठच्या फोनवरून व्हॉट्सअ‍ॅपवर आला. त्यानं तो छापला, त्याप्रमाणे नकाशा बदलला आणि अर्ज व नकाशा मंडळाच्या संकेतस्थळावर चढवले. संदेश त्यानं तिला दाखवला. क्रमांक नामदेवशेठचाच होता.

विचारून खात्री केली नाही का, असं तिनं विचारलं. केली की, तो म्हणाला. फोन केला होता. ते सवलतीचं पाठवलंय ते पुढे करू ना, असं विचारलं, तर शेठ म्हणाले, हो हो, कर, आणि फोन ठेवून दिला. संघप्रियाला हे पटलं, कारण सोमवारी तिच्यासमोर बसूनही नामदेवशेठनी तिचं एक वाक्य पुरतं ऐकलं नव्हतं.

"मंजूर नकाशा तुम्ही त्यांना दिला नाही?"

"जानेवारीतच पाठवला. त्याच फोनवर." सौरभनं खांदे उडवले. "त्यांनी डिसेंबरच्या आधीची जुनी प्रत कंत्राटदाराला दिली, त्याला मी काय करू? मुहूर्त अक्षय तृतीयेचा ठरला होता. तो पाडव्यावर आणला तेही मला कुणी कळवलं नाही."

तिनं ते लिहून घेतलं. निघताना तिला मागच्या टेबलावर नकाशा काढणारी मुलगी दिसली, म्हणून तिनं सौरभला विचारलं की अर्ज तुमच्याकडे कुणी लिहून तर दिला नाही ना. तो पहिल्यांदाच हसला. त्याच्या ऑफिसात मराठी अर्ज हातानं लिहू शकेल असं कुणीच नव्हतं.

म्हणजे सहीही खोटी, अर्जही खोटा, पण फोन मात्र खरा. तो फोन नामदेवशेठच्या घरातल्याच कुणीतरी हातात घेतला होता.

४

बुधवारी ती जागेवर गेली. जायला हवं होतं तेव्हा गेली नव्हती, हे डोक्यात सारखं टोचत होतं.

पूर्वेच्या भूखंडावर प्रीतम केणी नावाच्या बिल्डरची इमारत सहाव्या मजल्यापर्यंत आली होती. संघप्रियानं नोव्हेंबरात त्याचा सवलतीचा एक अर्ज फेटाळला होता, त्यामुळे शेजाऱ्याला दिली तर मलाही द्या, असं म्हणायला हा आदेश त्याला उपयोगी पडला असता. तिनं तसं तोंडावरच विचारलं. प्रीतमनं तिला चौथ्या मजल्यावर नेलं आणि खिडकीतून खाली दाखवलं. घरत यांचं घर दोन फूट इकडे आलं तर त्याच्या सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्यांसमोर ते येणार होतं. शिवाय त्यानं मागितलेली सूट पुढच्या अंगणातली होती, बाजूची नव्हे. तिनं मनातल्या मनात त्याचं नाव खोडलं.

खाली नामदेवशेठचा मुलगा तेजस उभा होता. त्याचे बंदरावर दोन ट्रेलर चालत, आणि त्याची पिकअप गाडी जोत्याच्या पश्चिमेला उभी होती. तिच्या मागे, भूखंडाच्या पाठीमागच्या मोकळ्या पट्ट्यात, टायर आणि सुट्या भागांचा ढीग होता.

संघप्रियानं टेप काढली. पिकअपची रुंदी, आरसे धरून, सव्वादोन मीटरला जेमतेम. म्हणजे मधोमध घर बांधलं तर कुंपण आणि भिंतीच्या मधून गाडी मागे न्यायची सोय उरणार नव्हती. दोन फूट जास्त मिळाले तर आरामात गेली असती. फोन घरातला, गरज घरातली. तिला वाटलं, मिळाला.

तिनं तेजसला मागचा ढीग दाखवून विचारलं, घर झाल्यावर हे कसं आणणार. तिचा रोख त्याच्या लगेच लक्षात आला. तो चिडला नाही, उलट त्याला तिची थोडी कीवच आली असावी.

"मॅडम, मी केलं असतं तर जोता चुकीचा भरू दिला असता का? पाडव्यापासून पंधरा दिवस इथे उन्हात उभा राहून मीच भरून घेतला. मीच जुना नकाशा दिला कंत्राटदाराला. आणि मला मराठीत अर्ज लिहिता येत असता तर काय पाहिजे होतं."

तो इंग्रजी शाळेत शिकला होता. त्याचा फोनमधला मराठी मजकूरही इंग्रजी अक्षरांत होता.

संघप्रिया टेप गुंडाळत राहिली आणि गुंडाळता गुंडाळता तिचे हात थांबले. तेजसनं स्वतःच्या बचावासाठी जे सांगितलं होतं, त्यात सगळ्यांबद्दलचंच उत्तर होतं. ज्यानं एवढा खटाटोप करून घर सरकवलं, त्यानं जोता जुन्या जागी भरला जात असताना गप्प बसून पाहिलं नसतं. काहीतरी करून थांबवलं असतं. नामदेवशेठ तिथे होते, तेजस तिथे होता, प्रीतम रोज ये-जा करत होता.

ज्यानं हे केलं तो त्या पंधरा दिवसांत इथे नव्हताच.

५

ऊन वर आलं होतं. पश्चिमेच्या कुंपणाला लागून एक बैठं कौलारू घर होतं, गावठाणातलं शेवटचं. दारात एक म्हातारी मासे साफ करत बसली होती. ही नामदेवशेठची थोरली बहीण गोजरा. नवरा वारल्यावर माहेरच्या गावात येऊन राहिलेली. संघप्रियानं पाणी मागितलं, तर गोजराआत्यानं तिला आत बोलावून पाटावर बसवलं आणि चहाचं आधण ठेवलं. नको म्हणायची सोय नव्हती.

आत्या औषधाची गोळी घ्यायला उठल्या. फडताळात प्लास्टिकच्या तीन डब्या होत्या आणि प्रत्येकीवर कागदाची पट्टी चिकटवलेली होती. संघप्रियाची नजर सहज गेली. पहिलीवर 'सकाळी उपाशीपोटी'. दुसरीवर निळ्या शाईत, वळणदार अक्षरात, 'जेवणाणंतर'.

तिनं डबी हातात घेतली. अक्षर तेच होतं.

"कुणी लिहून दिलं हे, आत्या?"

"आमच्या सूनबायनं. जागृतीनं." आत्यांचा चेहरा उजळला. "शिकलेली हाय. उरनला सेतूत लोकांचे अर्ज लिवायची. मना बी चार बुकं येतात, म्हनून लिवून दिलं तिनं."

जागृती, तेजसची बायको, कारंज्याची. डिसेंबरच्या मध्याला सातवा महिना लागल्यावर माहेरी गेली. फेब्रुवारीच्या शेवटी मुलगी झाली. अजून तिकडेच होती. अक्षय तृतीयेच्या आधी येणार होती, मुहूर्ताला.

तर हे असं होतं. अर्ज पाठवून ती माहेरी गेली, मुहूर्त अक्षय तृतीयेचा धरून. मुहूर्त अलीकडे आला आणि तिचा हिशोब चुकला. कोण, ते कळलं. का, ते मात्र अजिबात कळत नव्हतं, आणि तेच संघप्रियाला जास्त छळत होतं. घरातल्या सुनेला, पहिलं बाळंतपण तोंडावर असताना, सासऱ्याची खोटी सही करून, घर दोन फूट सरकवून काय मिळणार होतं?

ती मागच्या खिडकीशी गेली. समोरच जोत्याची पश्चिम बाजू होती. इथून भिंत दूर गेली तर आत्यांच्या घरात उजेड येईल, एवढंच तिला सुचलं, आणि तिनं ते बोलून दाखवलं.

आत्या हसल्या. उजेडाचं त्यांना काही नव्हतं. मग त्या खिडकीशी आल्या आणि त्याच जागेकडे पाहून म्हणाल्या, "तिथं घर टिकल का काय, देव जाने. जागा मोकली व्हती तवा नामानं बकऱ्यांचा गोठा बांधला व्हता, दोन येळा कलला. बाव हाय ना खाली."

"बाव?"

"बाव म्हन्जे विहीर, बाय. आमी सगल्या तिचंच पानी भरायचो. नामानंच बुजवली, पंचवीस वरसं झाली."

संघप्रियानं चहाचा कप खाली ठेवला. फाईलमधल्या एकाही कागदावर विहीर नव्हती.

६

गुरुवारी सकाळी ती कारंज्याला गेली. जागृती ओसरीवर मांडीवर बाळ घेऊन बसली होती. संघप्रियानं ओळख सांगितली तसा तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला, पण ती उठली नाही आणि नाही म्हणालीही नाही. आईला तिनं बाळ घेऊन आत जायला सांगितलं. मग म्हणाली, "विचारा."

विचारण्यासारखं फार नव्हतं. तिनं आपणहून सांगितलं. आत्यांनी तिला विहिरीचं सांगितलं होतं, जागा बोटानं दाखवली होती. पश्चिमेच्या खांबांची रांग बरोबर विहिरीच्या काठावर येत होती, निम्मी आत, निम्मी बाहेर. कारंज्यात तिच्या काकांचं घर असंच बुजवलेल्या तळ्यावर होतं. तिसऱ्या वर्षी एका कोपऱ्यानं बसलं. काकी आत झोपली होती. आता ती चालत नाही.

तिनं सासऱ्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, मुरूम दगडासारखा बसलाय, तुला काय कळतं. तेजसला सांगितलं. तो म्हणाला, पप्पा ऐकणार नाहीत, नको विषय. विहिरीचं नाव कागदावर आलं तर परवानगी अडकेल या भीतीनं सासऱ्यांनी सौरभलाही ते कळू दिलं नव्हतं. मग एक दिवस तिनं टेप घेऊन, आत्यांनी दाखवलेल्या घराकडच्या काठापासून पश्चिमेच्या कुंपणापर्यंत मोजलं. पावणेतीन मीटरला थोडं कमी. घर दोन फूट सरकलं की खांब काठाच्या बाहेर पडत होते. म्हणून दोन फूट.

"खरं कारण का नाही लिहिलंस?"

"लिहिलं असतं तर बांधकामच थांबलं असतं आणि घरात कुणी लिहिलं ते लगेच कळलं असतं." तिनं पदर सारखा केला. "मला वाटलं, मुहूर्ताआधी येऊन नवा नकाशा कंत्राटदाराच्या हातात देईन. एकदा खणलं की कोण विचारतंय."

पाडव्याच्या पूजेचा व्हिडिओ तिनं फोनवर पाहिला. मागे चर खणलेला दिसत होता, जुन्याच जागी. ती दोन दिवस रडली आणि घरच्यांना वाटलं बाळंतपणाचं रडू आहे.

"तेव्हा तरी सांगायचंस."

"सांगून ऐकलं असतं कुणी? मग मला एकच आधार होता. तुमचा माणूस येईल, मोजेल आणि थांबवेल." तिनं मान वर करून संघप्रियाकडे पाहिलं. "अर्ज आल्यावर तुम्ही जागा बघायला याल असंही वाटलं होतं. आत्या तुम्हाला बोलल्या असत्या. तुम्ही आलाच नाहीत."

संघप्रियाला तिचा संताप आला. सही खोटी करायची, दुसऱ्याची नोकरी टांगणीला लावायची आणि वर आपल्यालाच विचारायचं. पण त्या संतापाला कुठेच टेकू मिळेना, कारण मुलगी बोलत होती ते खरं होतं.

निघताना जागृतीनं विचारलं, पोलीस कधी येतील. बाळ अजून अंगावर पितं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

७

शुक्रवारी सकाळी नऊला संघप्रिया जागेवर हजर झाली, बरोबर अभय, इंजिनिअर आणि दोन मजूर. नामदेवशेठ, तेजस आणि सौरभ यांनाही तिनं बोलावून घेतलं होतं. कुंपणापलीकडे गोजराआत्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आदेशाबाबत काही ठरवण्याआधी पश्चिमेला चाचणीचा खड्डा घ्यायचा आहे, एवढंच तिनं सांगितलं. नामदेवशेठनी कशाला, कशाला म्हणून बराच आवाज चढवला. तिनं मजुरांना खूण केली.

जोत्याच्या कडेला लागून मजुरांनी खणायला घेतलं. वरचा दोन फूट मुरूम खरंच घट्ट होता, आणि नामदेवशेठनी सगळ्यांकडे पाहिलं. मग माती काळी पडली. मग ओली. मग एका मजुरानं पहार मारली ती हातभर खोल गेली. दुसऱ्यांदा मारली, तिच्या वजनानं ती आणखी खाली गेली आणि तो चमकून मागे सरला. बाजूला घडीव दगडांची एक गोल ओळ उघडी पडली. काठ. तो जोत्याच्या खाली शिरत होता.

इंजिनिअर गुडघ्यावर बसला. जोत्याच्या कोपऱ्याखाली त्यानं बोट घातलं, तर ते सहज आत गेलं. अजून वर एक भिंत नव्हती, आणि खालची माती जोत्याला सोडून चालली होती.

तेजस खड्ड्यापासून लांब जाऊन उभा राहिला. नामदेवशेठ मात्र काठाच्या दगडांकडे पाहत राहिले. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनीच ते झाकले होते.

संघप्रियानं मग सगळं क्रमानं सांगितलं, फक्त नाव वगळून. हा अर्ज कुणी आपल्या फायद्यासाठी केलेला नाही. नेमके दोन फूट मागितले, कारण दोन फुटांनी खांब विहिरीच्या बाहेर जातात. म्हणजे अर्ज करणाऱ्याला विहीर माहीत होती. लिहिणारा इथल्याच बोलीचा, आणि अर्ज लिहिण्याची सवय असलेला. फोन घरात होता. आणि जोता भरला जात असताना तो माणूस इथे नव्हता, नाहीतर त्यानं तो भरू दिला नसता. एवढं बोलून ती थांबली.

पुढे बोलायची गरज नव्हती. तेजसला आधीच कळलं होतं, त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. नामदेवशेठना क्षणभरानं कळलं. घरात त्या पंधरा दिवसांत कोण नव्हतं हे त्यांनी बोटांवर मोजायचीही गरज नव्हती.

संघप्रियानं फाईलमधून अर्ज काढून त्यांच्यासमोर धरला. तक्रारीत तुम्ही ही सही तुमची नाही असं लिहिलंय, ती म्हणाली. तसा जबाब आता नोंदवायचा आहे. जबाब नोंदवला की फाईल पोलिसांकडे जाईल.

नामदेवशेठनी कागद घेतला. सगळा वाचला, ओठ हलवत, शेवटच्या ओळीपर्यंत. सोमवारी ते काय गरजले होते ते तिथल्या दोघांनी तरी कानांनी ऐकलं होतं, आणि ते त्यांनाही आठवत असणार.

"सही माझीच हाय," ते म्हणाले.

अभयनं पेन थांबवलं आणि संघप्रियाकडे पाहिलं. तिनंही नामदेवशेठकडे पाहिलं.

"तक्रारीत तुम्ही नाही म्हटलंय, शेठ."

"तवा चष्मा नव्हता मना. आता दिसतंय. लिव्हा."

हे खोटं आहे हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. संघप्रिया सतरा वर्षं खोट्या अडचणींवर चिडत आली होती, आणि आता एक उघड खोटं तिच्या लेखणीची वाट पाहत होतं. सही ज्याच्या नावाची, तोच ती आपली म्हणत असेल तर ती खोटी ठरवणारी ती कोण? तिनं अभयला लिहायला सांगितलं.

जबाब झाला. मग नामदेवशेठनी तेजसकडे हात पुढे केला आणि त्याचा फोन मागितला. कारंज्याला लावायला सांगितलं.

"जागृती, बाय," ते म्हणाले, "हा जोता आज फोडतूय आमी. तू ये पोरीला घेऊन. तेजस आनायला येल. कंत्राटदाराला कुठं खनायचं ता तूच दाखव."

पलीकडून काय उत्तर आलं ते कुणालाच ऐकू आलं नाही. त्यांनी फोन तेजसच्या हातात दिला आणि ते खड्ड्याकडे पाठ करून गोजराआत्याच्या दाराशी जाऊन बसले.

दुपारी संघप्रियानं अहवाल लिहिला. विहिरीचा तपशील घातला, सवलतीचं कारण दुरुस्त केलं, नव्या पायाला माती-तपासणीची अट टाकली. अर्जाबद्दल भूखंडधारकाचा जबाब जोडला. आणि शेवटी एक परिच्छेद स्वतःबद्दल: आदेशावर सही करण्यापूर्वी स्थळपाहणी केली नव्हती, टिपणीतली नोंद चुकीची होती, जबाबदारी माझी.

बाबासो खोत तो परिच्छेद वाचून कळवळले. हे कशाला, असं त्यांनी तीनदा विचारलं. प्रकरण मिटलंय, तक्रारदारानंच तक्रार मागे घेतलीय, आता स्वतःहून मान कशाला पुढे करायची. तिनं परिच्छेद काढला नाही. निलंबन टळलं, पण दहा दिवसांनी लेखी ताकीद आली आणि त्या वर्षीची वेतनवाढ थांबली. कोपरखैरण्याच्या घरी तिच्या नवऱ्यानं कपाळावर हात मारला.

पुढच्या सोमवारी तिनं अभयला जानेवारीअखेरच्या उरलेल्या तीस फायली काढायला सांगितल्या. सगळ्या मंजूर झालेल्या, सगळ्यांवर 'स्थळपाहणी केली'. आता का, असं अभयनं विचारलं. आदेश निघून गेलेत, मॅडम, उन्हाळा आहे, गाडीही मिळणार नाही.

"रिक्षानं जाऊ," संघप्रिया म्हणाली आणि टेप पिशवीत टाकून उठली. पहिला भूखंड बोकडविऱ्याला होता.